वस्तीची निर्धोकता आणि तिचे पुरावे : सुपे, बारामती व इंदापूर यांच्या आधारे एक चिकित्सा

१

एखादी पेठ, आळी अथवा वस्ती निर्धोक आहे की नाही, हा प्रश्न व्यवहारात रोज विचारला जातो आणि त्याचे उत्तरही रोज दिले जाते. भाड्याने घर पाहणारा कुटुंबप्रमुख तो विचारतो. मुलीला शिक्षणासाठी परगावी ठेवणारे आईवडील विचारतात. गाळा घेणारा व्यापारी विचारतो. नवी पोलीस चौकी कोठे बसवावी हे ठरविणारा अधिकारीही विचारतो. उत्तर मात्र बहुधा एका वाक्याचे असते : भाग चांगला आहे, किंवा भाग चांगला नाही. हे वाक्य कोणत्या पुराव्यावर उच्चारले गेले, याची चौकशी क्वचितच होते. वास्तविक या एका वाक्यावर घरांची भाडी चढतात वा उतरतात, मुलींचे शिक्षण चालू राहते वा थांबते, आणि काही माणसांच्या दाराशी रात्री-अपरात्री पोलीस येतात. म्हणून या वाक्यामागील पुराव्याची चिकित्सा केवळ शास्त्रीय कुतूहलाचा विषय ठरत नाही.

असे पुरावे मुख्यतः तीन प्रकारचे असतात. पहिला नोंदीचा, म्हणजे गुन्ह्यांच्या दप्तरातील आकड्यांचा. दुसरा लौकिकाचा, म्हणजे वस्तीबद्दल चार लोक काय बोलतात त्याचा. तिसरा प्रत्यक्ष पाहणीचा, म्हणजे रस्त्यावरील दिवे, गर्दी, पडकी घरे, उघडी दुकाने यांवरून बांधलेल्या अंदाजाचा. या तिन्ही पुराव्यांना काही मोल आहे; परंतु त्यांपैकी प्रत्येक पुरावा कोणाच्या बाजूने पाहतो आणि कशाकडे पाठ फिरवतो, हे समजल्याशिवाय त्याच्या आधारे दिलेला निर्वाळा फसवा ठरण्याचा संभव असतो. हे दाखविण्यासाठी पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हा प्रदेश निवडला आहे. नागरी वस्त्यांच्या सुरक्षिततेची चर्चा बहुतेक महानगरांच्या आधारे होते. तालुक्याच्या गावांकडे तिचे लक्ष जात नाही. उलट या दोन तालुक्यांच्या इतिहासात या प्रश्नाची जी उदाहरणे सापडतात, ती महानगरातील उदाहरणांपेक्षा अधिक स्पष्ट आहेत. कारण येथे वस्ती लहान आहे, माणसे परस्परांच्या ओळखीची आहेत आणि दप्तर जुने आहे.

२

आकड्यांवर विश्वास ठेवण्यापूर्वी इंदापूर तालुक्याचा एक जुना अनुभव लक्षात घेणे उपयुक्त ठरेल. तो सुरक्षिततेचा नाही, शेतसाऱ्याचा आहे. परंतु मोजमापाच्या पद्धतीसंबंधीचा त्याचा धडा येथे जसाच्या तसा लागू पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यातील जमिनींची मोजणी व आकारणी केली. खंडाच्या तत्कालीन अर्थशास्त्रीय सिद्धांताचा त्याच्यावर पगडा होता. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न काढावे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करावा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारने घ्यावे, अशी त्याची रीत होती. कागदावर ती निर्दोष दिसत होती. प्रत्यक्षात मात्र मोजणीत चुका होत्या, प्रतवारी करणाऱ्या कनिष्ठ नोकरांनी पुरविलेली माहिती अविश्वसनीय होती, आणि ज्या उत्पन्नावर सारा हिशेब उभा होता ते काळ्या आईने नव्हे, कारकुनाच्या लेखणीने पिकविलेले होते. परिणामी साऱ्याचा बोजा असह्य झाला, जमिनी पडीक पडल्या आणि कुळे गाव सोडून गेली. इंदापूर तालुक्याला याची झळ विशेष लागली.

याच इंदापुरात १८३५–३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पद्धत अवलंबिली. निव्वळ उत्पन्नाचा अचूक आकडा काढण्याचा हव्यास त्यांनी सोडला. मातीची खोली, रंग आणि दोष पाहून जमिनींची परस्परसापेक्ष प्रत ठरवावी, आणि एकंदर साऱ्याची रक्कम मागील वर्षांच्या वसुलीचा व गावाच्या स्थितीचा अनुभव पाहून ठरवावी, असा त्यांचा मार्ग होता. पुढे मुंबई इलाख्यातील सर्व जमाबंदीचा पाया याच मार्गाने घातला गेला. येथे त्या पद्धतीच्या गुणदोषांचा निवाडा करावयाचा नाही. लक्षात घ्यावयाची गोष्ट एवढीच की, वाईट नोंदीवर उभारलेला सूक्ष्म आकडा हा ढोबळ अंदाजापेक्षा अधिक घातक ठरू शकतो. कारण ढोबळ अंदाजाविषयी शंका घेता येते, परंतु सूक्ष्म आकडा शंका घेणाऱ्याचे तोंड बंद करतो. वस्त्यांना सुरक्षिततेचे गुण देणाऱ्या आजच्या कोष्टकांपुढे उभे राहताना प्रिंगलच्या मोजणीचे स्मरण ठेवावयास हवे.

३

आता प्रत्यक्ष सुरक्षिततेच्या प्रश्नाकडे वळावयाचे. सुपे हे आज बारामती तालुक्यात असलेले, १८७५ साली भीमथडी तालुक्यात मोडणारे बाजारपेठेचे गाव. तेथे दुकानदार व सावकार यांची वस्ती होती. त्या साली एप्रिल महिन्यात एखाद्या परगावच्या व्यापाऱ्याने सुप्याची पेठ धंद्यास निर्धोक आहे काय, असे विचारले असते, तर त्याला होकारार्थी उत्तर मिळाले असते. बाजार भरत होता, खतावण्या चालू होत्या, कोर्टाचे हुकूमनामे अंमलात येत होते. १२ मे १८७५ रोजी त्याच पेठेत आसपासच्या गावांतील शेतकरी जमले आणि त्यांनी गुजर सावकारांच्या दुकानांवर व घरांवर हल्ला केला. वह्या आणि कर्जरोखे यांची मागणी झाली; ते हाती लागले तेव्हा जाळण्यात आले; धान्याची दुकाने लुटली गेली आणि आगीही लागल्या. तेथून हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरले. इतिहासात यास दख्खनचे दंगे असे नाव पडले.

या घटनेची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल ब्रिटिश पार्लमेंटपुढे १८७८ मध्ये ठेवण्यात आला. तो अहवाल आजच्या प्रश्नाच्या दृष्टीने वाचला असता तीन गोष्टी नजरेत भरतात.

पहिली अशी की, दंगेखोरांचे लक्ष्य माणूस नव्हता, कागद होता. जेथे सावकाराने कर्जरोखे मुकाट्याने स्वाधीन केले, तेथे बहुधा त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. जेथे नकार दिला, तेथे मारहाण व जाळपोळ झाली. म्हणजे धोका पेठेत सर्वत्र सारखा पसरलेला नव्हता. तो एका विशिष्ट नात्यात, ऋणको आणि धनको यांच्या नात्यात, साठलेला होता.

दुसरी गोष्ट याहून उद्बोधक आहे. ज्या गावांत ब्राह्मण व अन्य जातींचे सावकार मारवाडी-गुजरांच्या जोडीने सावकारी करीत होते, त्या गावांत सामान्यतः मारवाडी व गुजर यांनाच उपद्रव झाला. एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी, एकच धंदा करणारे दोघे शेजारी. त्यांपैकी एकाचे दुकान लुटले जाते आणि दुसऱ्याचे राहते. अशा वेळी ‘ही पेठ सुरक्षित होती काय?’ या प्रश्नाला एक उत्तर देणे अशक्य आहे. पेठेची सुरक्षितता हे पेठेतील सर्वांचे समाईक धन नसते. ती प्रत्येकाच्या वाट्याला निरनिराळ्या मापाने येते.

तिसरी गोष्ट नोंदीसंबंधी आहे. दंग्याची पूर्वचिन्हे फौजदारी दप्तरात शोधून सापडणार नाहीत. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे या गावी मारवाडी सावकारांवर बहिष्कार पडला होता. परंतु दुकानात न जाणे किंवा सावकाराचे काम न करणे हा काही गुन्हा नव्हे, म्हणून तो फौजदारी आकड्यांत येण्याचे कारण नव्हते. खरी चिन्हे दिवाणी दप्तरात होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या खताची मुदत तीन वर्षे ठरली. हेतू व्याजाचा डोंगर वाढू नये हा होता. परिणाम असा झाला की दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहिले जाऊ लागले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाच्या तेजीमुळे सढळ हाताने मिळालेली उचल नंतर आखडली. १८६७ मध्ये इंदापूर तालुक्याच्या साऱ्याची फेरआकारणी होऊन तो बराच वाढला. शेजारच्या भीमथडीतही तेच घडले. कर्ज वाढले, उचल बंद झाली, दावे आणि जप्त्या वाढल्या. सुप्याच्या पेठेची निर्धोकता ज्याला जोखावयाची होती त्याने फौजदाराचे रजिस्टर बाजूला ठेवून मुनसफाच्या कचेरीतील हुकूमनामे मोजावयास हवे होते.

येथे एक मूलभूत विसंगती उघड होते. कुळाच्या दृष्टीने ती पेठ १२ मेच्या आधीही सुरक्षित नव्हती. वाचता न येणाऱ्या खतावर उठविलेल्या अंगठ्यामुळे त्याची जमीन, बैल आणि घर जाऊ शकत होते. परंतु हे सर्व कायद्याने होत होते, म्हणून गुन्ह्यांच्या नोंदीत त्याला स्थान नव्हते. सावकाराची वही जाळली गेली तो मात्र गुन्हा ठरला आणि नोंदला गेला. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना अटक झाली व ५०१ जणांना शिक्षा झाली. केवळ आकडे पाहणाऱ्याला १८७४ चे सुपे शांत आणि १८७५ चे धोक्याचे वाटेल. तणाव साचत होता तेव्हा दप्तर कोरे होते. तो फुटून ओसरला तेव्हा दप्तर भरले. गुन्ह्याची नोंद ही घडून गेलेल्या गोष्टीची छाया असते. तिला येणाऱ्या गोष्टीचे चिन्ह मानणे धोक्याचे.

आयोगाच्या अहवालालाही ही चिकित्सा लावली पाहिजे. त्याने दोषाचा मुख्य भार सावकारी आणि दिवाणी कायदा यांच्यावर टाकला. सरकारी साऱ्याची वाढ हे मूळ कारण नव्हे, असा त्याचा कल होता. आयोगातील ऑकलंड कॉल्विन यांनी साऱ्याच्या प्रश्नावर वेगळे मत नोंदविले, हे ध्यानात घेता अहवालातील एकमुखी वाटणारा सूर तपासून घेणे भाग पडते. उलट बाजूने नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये असा पक्ष मांडला की या दंग्यांचे महत्त्व इतिहासकारांनी फुगविले आहे. उपद्रव मर्यादित होता आणि ग्रामीण समाजाच्या रचनेत त्याने मोठा पालट घडविला नाही. हा आक्षेप व्याप्तीच्या बाबतीत मान्य केला तरी येथील मुद्द्यास बाध येत नाही. दंगा लहान असो वा मोठा, तो नोंदीला आधी दिसला नाही हे खरेच राहते. शिवाय सरकारने योजलेला उपायही बोलका आहे. गावोगाव पोलीस बसविण्यात आले खरे. पण टिकाऊ उपाय म्हणून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, आणि त्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. पेठेची सुरक्षितता दिवाणी न्यायावरही अवलंबून असते, ही कबुलीच त्या कायद्यात आहे.

४

दुसरा पुरावा लौकिकाचा. याचा विचार करताना गावाच्या जुन्या राखणीची व्यवस्था आठवणे आवश्यक आहे. पुणे प्रांतात गावची राखण पुष्कळ ठिकाणी रामोशांकडे असे. चोरी झाली तर माग काढण्याची जबाबदारी राखणदाराची. माग शेजारच्या गावच्या शिवेत नेऊन पोचविला की जबाबदारी त्या गावाकडे जाई. माग लागला नाही तर नुकसानीची भरपाई करण्याचा प्रसंग राखणदारावर व गावावर येई. या व्यवस्थेत दोष होतेच. राखणदार आणि चोर यांचे संगनमत ही नेहमीची तक्रार होती. तथापि सुरक्षितता म्हणजे कोणाची तरी निश्चित, मोजता येणारी आणि भरून देण्याजोगी जबाबदारी, हा विचार तिच्यात होता. पेशवाई गेल्यानंतर राखणीची वतने व हक्क यांना धक्का लागला. पुरंदर तालुक्यातील भिवडीचे उमाजी नाईक यांचे बंड याच पार्श्वभूमीवर उभे राहिले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यास त्यांना फाशी देण्यात आले. त्यांना पकडणाऱ्या अलेक्झांडर मॅकिंटॉश याने १८३३ मध्ये रामोशांवर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. काल ज्या जमातीच्या भरवशावर गाव झोपत होते, तीच जमात आता धोक्याचे नाव बनली. येथे कोणा एका वस्तीत गुन्हे वाढले एवढेच घडले नाही. जबाबदारीचे नाते तुटले आणि त्याच्या जागी लौकिक आला.

हा लौकिक पुढे कायद्यात उतरला. १८७१ च्या गुन्हेगार जमातींविषयीच्या कायद्याने आरंभ झाला, १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर वाढली, आणि जन्मावरून माणसाला संशयित ठरविणे ही राज्यकारभाराची रीत बनली. मराठीत या विषयाचा पहिला महत्त्वाचा अभ्यासक म्हणजे त्रिंबक नारायण आत्रे. त्यांचे ‘गुन्हेगार जाती’ १९११ मध्ये आणि ‘गांव-गाडा’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. आत्रे यांची निरीक्षणशक्ती असामान्य होती. काळी आणि पांढरी, कारू-नारू आणि फिरस्ते यांचे इतके तपशीलवार चित्र मराठी गद्यात त्यांच्यापूर्वी आले नव्हते. परंतु सुरक्षिततेच्या प्रश्नावर त्यांची दृष्टी पांढरीत घर असलेल्या माणसाची आहे. फिरस्ता गावाला किती भार होतो याचा हिशेब ते काटेकोरपणे मांडतात. गाव फिरस्त्याला किती सुरक्षित आहे, हा प्रश्न त्यांच्या मांडणीत जवळजवळ येत नाही. ज्याचे घर आहे त्याची भीती पुरावा ठरते आणि ज्याचे पाल आहे त्याची भीती पुराव्याच्या बाहेर राहते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. कायदा गेला तरी त्याने घडविलेला लौकिक त्याच तारखेला गेला नाही. पारधी वस्तीजवळचे घर नको, असे म्हणणारा मनुष्य बहुधा कोणताही आकडा पाहत नाही. तो एका रद्द झालेल्या कायद्याची अंमलबजावणी स्वखुशीने करीत असतो. हा दोष आपल्याकडेच आहे असे नाही. रॉबर्ट सॅम्प्सन आणि स्टीफन राउडेनबुश यांनी शिकागो शहरातील पाहणीच्या आधारे २००४ मध्ये दाखवून दिले की, वस्ती किती अव्यवस्थित आहे याविषयीचे लोकांचे मत प्रत्यक्ष दिसणाऱ्या अव्यवस्थेपेक्षा तेथे राहणाऱ्या लोकांच्या वर्णावरून अधिक ठरत होते. जेथे त्यांच्याकडे वर्ण आहे, तेथे आपल्याकडे जात, पोटजात आणि पालवस्ती आहे.

५

तिसरा पुरावा पाहणीचा. येथे पाश्चात्त्य विचारवंतांची दोन मते विशेष प्रभावी ठरली आहेत. जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकन शहरांवरील ग्रंथात असे प्रतिपादन केले की, रस्ता सुरक्षित ठेवतात ते प्रामुख्याने पोलीस नव्हेत, तर त्या रस्त्यावर सहज नजर ठेवणारे दुकानदार, रहिवासी व येणारेजाणारे. १९८२ मध्ये जेम्स विल्सन व जॉर्ज केलिंग यांनी फुटक्या खिडकीचा दृष्टांत मांडला : लहान बेशिस्तीकडे दुर्लक्ष झाले की मोठ्या गुन्ह्याला वाव मिळतो. पहिल्या मताचे अनुभवाशी जुळणारे सत्य बारामतीच्या वा इंदापूरच्या कोणत्याही जुन्या पेठेत दिसते. ओट्यावर बसलेली म्हातारी माणसे, शिंप्याचे यंत्र, पानाचे दुकान ही नकळत चालणारी राखणच होय. पण सुप्याचे उदाहरण या मताला मर्यादा घालते. त्या दिवशी पेठेवर डोळे पुष्कळ होते. डोळे असणे पुरेसे नसते. ते कोणाच्या बाजूचे आहेत हेही पाहावे लागते.

हीच मर्यादा स्त्रियांच्या बाबतीत अधिक तीव्रतेने जाणवते. शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांनी मुंबईसंबंधी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दाखविले आहे की, स्त्रीच्या सुरक्षिततेच्या नावाने बहुधा तिच्या सार्वजनिक वावरावरच बंधन येते. आणि निष्कारण, निवांतपणे रस्त्यावर थांबण्याचा हक्क हीच सुरक्षिततेची खरी कसोटी होय. लहान गावात ही गोष्ट दुप्पट खरी आहे. ज्या आळीत सर्व जण ओळखीचे, तेथे मुलीला परक्याची भीती कमी. परंतु ती कोणाशी बोलली याची वार्ता घरी तिच्या आधी पोचते. तीच नजर राखणही करते आणि पहाराही. ‘येथे मुलींना काही भय नाही’ हे विधान मुली रात्री आठनंतर घराबाहेर पडतच नाहीत म्हणून खरे असेल, तर ते सुरक्षिततेचे वर्णन नसून भयाच्या यशाचे वर्णन आहे.

विल्सन-केलिंग यांच्या मतास तर अधिक सावधपणे घेतले पाहिजे. सॅम्प्सन, राउडेनबुश व अर्ल्स यांनी १९९७ मध्ये शिकागोतील ३४३ वस्त्यांच्या अभ्यासातून असा निष्कर्ष काढला की, शेजाऱ्यांचा परस्परविश्वास आणि प्रसंगी मध्ये पडण्याची त्यांची तयारी यांचा हिंसेच्या प्रमाणाशी निकटचा संबंध आहे. जेथे ही तयारी अधिक, तेथे हिंसा कमी. रंग उडालेली भिंत आणि तुंबलेले गटार यांवरून या तयारीची परीक्षा होत नाही. किंबहुना गरीब वस्तीतील शेजारी एकमेकांच्या मदतीला अधिक लवकर धावतात आणि बंद फाटकाच्या नव्या वसाहतीत शेजाऱ्याचे नावही ठाऊक नसते, असेही घडते.

६

या तिन्ही पुराव्यांची आजच्या बारामती-इंदापुरात काय स्थिती आहे, ते थोडक्यात पाहणे इष्ट आहे. गुन्ह्यांची देशव्यापी आकडेवारी १९५३ पासून वार्षिक ग्रंथरूपाने प्रसिद्ध होत आली आहे. परंतु तिचे प्रसिद्ध होणारे घटक जिल्हा आणि महानगर हे आहेत. एखाद्या पेठेची स्थिती तिच्यात दिसत नाही, आणि जिल्ह्याच्या सरासरीवरून पेठेविषयी अनुमान काढणे ही तर्कदृष्ट्या चूक आहे, हे डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्येच दाखविले. एका प्रथम खबरीत अनेक गुन्हे असले तर त्यांतील सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा मोजण्याचीही रीत आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदविणे बंधनकारक असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी दिला. अशा निर्णयानंतर एखाद्या ठाण्याचा आकडा वाढला, तर ती गुन्ह्यांची वाढ की दाद मागण्याच्या सोयीची वाढ, हे आकडा सांगू शकत नाही. ज्या ठाण्यात फिर्याद सहज घेतली जाते तो भाग कागदावर धोक्याचा दिसेल आणि जेथे फिर्यादीला परत पाठविले जाते तो भाग शांत दिसेल, ही विपरीत शक्यता सदैव लक्षात ठेवावयाची आहे.

दुसरी अडचण या भागाच्या अर्थव्यवस्थेतून येते. नीरेच्या कालव्यांनी येथे ऊस आणला आणि उसाने साखर कारखाने आणले. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या परिसरांत गळिताच्या हंगामात बीड व अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे येतात आणि उसाच्या फडाजवळ किंवा कारखान्याच्या आवारालगत कोप्या उभारतात. हंगाम संपला की वस्तीच नाहीशी होते. गुन्ह्याचे प्रमाण काढावयाचे तर भाजक कोणती लोकसंख्या घ्यावी? जनगणनेची घेतली तर ही माणसे तिच्यात नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दारच नसलेल्या कोपीत झोपणारी स्त्री, उसाच्या पाचटाला आग लागण्याची भीती, रात्री रस्त्याच्या कडेने चालणारी बैलगाडी, यांपैकी काहीही ‘हा भाग निर्धोक आहे’ या वाक्यात मोजलेले नसते. ते वाक्य बोलणारा पक्क्या घरात राहतो. आत्रे यांच्या काळची पांढरी आणि पाल यांमधील रेषा अजून पुसलेली नाही.

तिसरी अडचण धोक्याच्या व्याख्येची. निर्धोकपणा म्हणजे केवळ चोरापासून मुक्तता, अशी समजूत असल्यामुळे पाणी आणि रस्ता यांचा विचारच होत नाही. अपघाती मृत्यूंची आकडेवारी गुन्ह्यांच्या आकडेवारीपासून वेगळ्या ग्रंथात येते आणि दोन्ही ग्रंथ एकत्र ठेवून वस्तीकडे पाहण्याची सवय नाही. बारामती कऱ्हेच्या काठी आहे. वर्षाचा बराच काळ ही नदी इतकी क्षीण असते की काठावरील वस्तीला तिचे भय वाटत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पुरंदरात अतिवृष्टी झाली, नाझरे धरणातून मोठा विसर्ग झाला आणि कऱ्हेच्या पुरामुळे बारामतीत काठच्या लोकांना रातोरात हलवावे लागले. मे २०२५ मध्ये अवेळी कोसळलेल्या पावसात बारामतीजवळ नीरा डावा कालवा फुटला. ज्या कालव्याने या मुलखाला अन्न दिले तोच त्या दिवशी धोका ठरला. इंदापूर तालुक्यात उजनीच्या फुगवट्यावरील होडी हे काठच्या गावांचे रोजचे वाहन. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा अंत झाला. कुगाव वा कळाशी यांना कोणी धोक्याचे गाव म्हणत नव्हते. चोराचे भय मनुष्य बोलून दाखवितो. सवयीच्या धोक्याला मात्र तो धोका म्हणतच नाही.

७

वरील विवेचनावरून असा निष्कर्ष निघतो की, सुरक्षितता हा मातीच्या प्रतीप्रमाणे वस्तीला चिकटलेला गुण नव्हे. ती एका माणसाची, एका धोक्यापासूनची, एका वेळेची आणि एका जबाबदार यंत्रणेच्या भरवशावर असलेली अवस्था आहे. म्हणून वस्तीविषयी कोणताही निर्वाळा देण्यापूर्वी चार प्रश्न विचारले पाहिजेत. कोणाची सुरक्षितता? कशापासून? हे कोणी व कोठे नोंदविले? आणि नुकसान झाल्यास भरून देण्याची जबाबदारी कोणाची? जुन्या राखणीच्या व्यवस्थेकडे चौथ्या प्रश्नाचे उत्तर होते. तिच्या अन्यायासह ते उत्तरही नाहीसे झाले, आणि आजच्या कोष्टकांत तो प्रश्न फारसा विचारलाही जात नाही.

अभ्यासकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, फौजदारी आकड्यांच्या जोडीला दिवाणी दावे व जप्त्या, रुग्णालयातील जखमींची नोंद, पूररेषेचे नकाशे, रस्त्यावरील अपघातांची ठिकाणे आणि हंगामी वस्त्यांची मोजदाद ही सर्व साधने एकत्र आणावी लागतील. त्याबरोबरच ज्यांच्याविषयी भय बोलले जाते त्यांनाच त्यांचे भय विचारावे लागेल. पारधी वस्तीतील माणसाला पोलिसांच्या गाडीचे भय वाटते की शेजारच्या गावाचे, ऊसतोड स्त्रीला कोणत्या वेळेचे भय वाटते, कऱ्हेकाठच्या कुटुंबाला धरणातून पाणी सोडल्याची वर्दी किती आधी मिळते, हे विचारल्याशिवाय काढलेला निष्कर्ष पक्क्या घरातील माणसाचे समाधान करील. शास्त्राचे करणार नाही.

प्रिंगलचा आकडा सूक्ष्म होता आणि त्याने इंदापूरची गावे ओस पाडली. सुप्याचे फौजदारी दप्तर कोरे होते आणि त्या कोरेपणाने कोणाचेही रक्षण झाले नाही. वस्तीला चांगली अथवा वाईट ठरविणारा आजचा शब्दही एखाद्या कुटुंबाला घर नाकारतो, एखाद्या मुलीचे महाविद्यालय सोडवितो आणि एखाद्या निरपराध मनुष्याला संशयिताच्या यादीत बसवितो. तो शब्द उच्चारणाऱ्यावर पुराव्याचे ओझे असले पाहिजे, एवढीच या चिकित्सेची मागणी आहे.